न दुखणारी गाठ

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एका शेळीला धरणं. शेळी पहिलटकरीण, करडाला जवळ येऊ देईना. मी शिंगं धरली. हिनं खाली बसून हाताची उलटी बाजू कासेला लावली, मग बोटांनी दाबून बघितलं. शेळीनं लाथ झाडली.

"गरम हाय," ती म्हणली. "दूध गोठलंय. शेकावं लागंल. सोडा."

मी सोडली. उठताना तिनं माझ्या खांद्यावर भार दिला. असा भार ती कधी देत नसायची.

"काय गं, म्हातारी झालीस का?"

"तुमी लई कवळे राह्यलात," म्हणली आणि पदर झटकत चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सुनेला हिच्या झंपरावर रक्ताचा डाग दिसला. तिथून पुढं आमच्या घरात साधं असं काही राहिलं नाही.

तिचं नाव मी तिच्या हयातीत कधी घेतलं नाही, आता घेऊन काय करू. आमची धनगराची वस्ती, करमाडच्या पुढं माळावर. बापाच्या काळात मेंढरं होती, माझ्या काळात शेळ्या राहिल्या. मुलगा शेंद्र्याला कंपनीत जातो. ही रझाकाराच्या पळापळीत जन्मली. पोलीस ॲक्शन झाली तवा ती मेंढरांमागं आईच्या पाठीवरच्या झोळीत होती. माझं म्हणणं, ती तिथंच बिघडली. माणसाकडंसुद्धा ती जितराबाकडं बघावं तशी बघायची.

माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेव बाशिंग बांधून बसला होता. ही सरळ पुढं गेली, अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढली आणि भरल्या मांडवात म्हणली, "पांढरी फटक हाय. ह्याच्या पोटात जंत झाल्यात. आधी औषध पाजा, मग पोरगी द्या." नवरीचा बाप घाबरला, नवऱ्याचा बाप धावून आला. मी हिला दंडाला धरून बाहेर काढली. बाहेर येऊन मलाच विचारते, "खोटं बोलले का मी?" खरं-खोटं मला काय माहीत. आमचं जेवण मात्र बुडालं.

शेळ्यांना ती माणसांची नावं ठेवायची. ज्याच्याशी भांडण, त्याचं नाव. एका भुंड्या शेळीचं नाव तलाठी होतं. दुसरी एक हावरट होती, तिचं नाव वन्सं. माझी थोरली बहीण सणाला आली होती, ताटावर बसली होती, आणि गोठ्यातून हिचा आवाज आला, "ए वन्सं, हो मागं! दुसऱ्याचं खायला लाज वाटत नाय का?" बहीण भरल्या ताटावरून उठली. शेळी दाखवली तरी तिचा विश्वास बसला नाही. मरेपर्यंत परत आली नाही. हिला त्याचं काही नव्हतं. म्हणली, "शेळीला राग आला नाय, मग त्यांनाच का आला?"

पण बायामाणसांना ती लागायची. तिचा सगळा दवाखाना तिच्या हातात होता आणि त्या हाताचा नियम एकच. गरम आणि दुखरं असलं तर आजार. थंड आणि मुकं असलं तर काय नाय. जन्मभर कास बघून तिनं हा नियम धरला होता. सुजलेली कास तापते, हात लावला की शेळी लाथ मारते. बाळंतिणीचं दूध गोठलं की वस्तीवरच्या, मळ्यातल्या बाया तिच्याकडं यायच्या. ती पदराखाली हात घालायची, "गरम हाय" म्हणायची, फडकं तापवून शेकायची आणि पोर पाजायला लावायची. बाया बऱ्या व्हायच्या. एखादीला नुसती गाठ असली, न दुखणारी, तर ही हसायची. "गरम नाय, लाथ मारत नाय. भिऊ नको, जा घरी." शेजारच्या मळ्यातल्या पाटलाच्या सुनेला तिनं असंच घरी पाठवलं होतं.

स्वतःलाही तिनं तोच नियम लावला.

रक्ताचा डाग दिसला तवा सुनेनं मला गोठ्यामागं गाठलं. "मामा, आत्याबाईंच्या छातीतनं रक्त येतंय. मला बघू देईनात."

मी जाऊन विचारलं. म्हणली, "शेळीनं शिंग मारलं."

"कुठल्या शेळीनं?"

"तलाठ्यानं."

तलाठ्याला शिंगंच नव्हती. मी तसं म्हणलं तवा ती उठून शेण भरायला लागली. तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच धरलं, आणि मला भ्या वाटलं.

मुलानं रजा काढली. शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीण आमच्या नातीच्या वयाची. तिनं पडदा ओढून तपासलं. मी पडद्याच्या अलीकडं उभा, सगळं ऐकू येत होतं.

"आजी, गाठ कधीपासून आहे?"

"लई दिसांपासून."

"दाखवली का नाही?"

"दुखत नव्हती ना पोरी. दुखली असती तर आले असते."

मग डॉक्टरीण म्हणाली, "सुरवातीला ही गाठ बहुतेक दुखतच नाही, आजी. कातडी अशी मोसंबीच्या सालीसारखी झाली, ते कळलं होतं का?"

"व्हय. खड्डे पडले होते बारीक."

"आणि बोंड आत ओढलं गेलं ते?"

"ते आधीच."

"काखेतल्या गाठी?"

"त्या मागून आल्या."

"यातलं एक जरी दिसलं तरी यायचं असतं. गाठ दुखो नाहीतर न दुखो."

"मला कोण सांगणार?" ही म्हणली. "बाया मलाच विचारत्यात."

मग फोटो झाले, तुकडा काढून तपासला. आजार हाडात आणि फुफ्फुसात गेला होता. डॉक्टरणीनं आम्हाला समोर बसवलं. ऑपरेशन करून आता उपयोग नाही, रक्त थांबायला किरणांचा शेक देऊ, दुखणं कमी करायला गोळ्या देऊ, असं सरळ सांगितलं. मला सरळ बोललेलं आवडतं, पण त्या दिवशी नाही आवडलं.

हिनं विचारलं, "छातीतलं हाडात कसं गेलं?"

"अंगातल्या पेशी आजी, लई बारीक असतात. जुनी मरते, तिच्या जागी नवी तयार होते, मापात. एखादी बिघडते. तिला थांबायचं कळत नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, वाढतच जाते. रक्त स्वतःकडं ओढते. मग त्यातल्या काही सुटतात आणि रक्तातून दुसरीकडं जाऊन तिथंही तेच करतात."

"राखण करणारं कोणच नसतं का अंगात?"

"असतं ना. रक्तात राखणदार पेशी असतात. पण ही पेशी त्यांना आपल्यातलीच वाटते."

हिनं मान हलवली. "कळपातलीच हाय. म्हणून कुत्रं भुंकलं नाय."

घरी येताना जीपमध्ये ती बोटं मोडत होती आणि पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतीय. कान दिला तर बायांची नावं होती. ह्या आळीची, त्या मळ्याची, कुणाची सून, कुणाची लेक.

"अवो, मी ह्या सगळ्यांना जा म्हणले," ती म्हणली. "भिऊ नको म्हणले."

त्या दिवसापासून तिला एकच घोर लागला. मरायचं तर होतंच, त्याचं तिनं फार काही केलं नाही. पण मरायच्या आधी ह्या बायांना परत गाठायचं आणि आपला शब्द माघारी घ्यायचा. दुसरं काही ती मागत नव्हती.

आणि नेमका वास सुरू झाला. शेक झाले, रक्त कमी झालं, पण जखम उघडी पडली आणि त्या बाजूचा हात सुजला. सुनेनं बिचारीनं फक्त कोपऱ्यात उदबत्ती लावली. हिच्या नाकाला ते लगेच कळलं. सकाळी बघतो तर बाज रिकामी. गोठ्यात जाऊन शेळ्यांच्या मधी वाकळ टाकून बसली होती.

"घरात चल."

"नाय. शेळ्या नाक धरत नायत."

तिथून ती रस्त्यानं जाणाऱ्या बायांना हाका मारायची. बाया लांबूनच "काय आत्या?" म्हणायच्या आणि पुढं निघायच्या. हा आजार उडून लागतो, असं वस्तीवर पसरलं होतं. बाई जवळ आलीच तर वासानं तिचं तोंड फिरायचं. हिला तोंडं वाचता येत होती. ती मग हाक मारायचीच बंद झाली.

मी दवाखान्यात गेलो. तिथं ड्रेसिंगची एक सिस्टर होती, आवाजानं फौजदार. तिला म्हणलं, बाई माझी गोठ्यात मरायला बसलीय, वासापायी.

"तुम्ही जखमेला काय लावता?"

"ती हळद लावते. वरून तंबाखूची राख."

"बंद करा," ती ओरडलीच. मग खाली बसवून शिकवलं. दुखायची गोळी आधी द्यायची, तिचा अंमल चढला की मगच जखमेला हात लावायचा. हात साबणानं धुवायचे, आधीही आणि नंतरही. चिकटलेलं फडकं ओढायचं नाही, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं भिजवून सोडवायचं. हगवणीला देतात तसल्या गोळ्या तिनं डॉक्टरणीकडून लिहून आणल्या. त्या कुटून भुकटी करून जखमेवर भुरभुरायची. "ह्यानं वास जातो बाबा. आणि तो सुजलेला हात उशीवर उंच ठेवा. त्या हाताला सुई नाही, घट्ट बांगडी नाही. दुखायची गोळी घड्याळ बघून द्या, दुखायची वाट बघू नका."

"सवय लागंल म्हणतात."

"तिला आता कसली सवय लागणार, बाबा?"

मला तिचं हे बोलणं पटलं.

निघताना विचारलं, "हा आजार लागतो का दुसऱ्याला?"

"नाही. तिच्या ताटात जेवा, शेजारी झोपा. लागत नाही."

घरी येऊन मी पाणी उकळलं, साबण घेतला, गोठ्यात गेलो. हिनं पदर गच्च धरला.

"हे बाप्याचं काम नाय."

"तू शेळीला विचारून हात लावते का?"

"शेळी लाथ मारती."

"मार मग."

तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदर सोडला.

मी बघितलं. फुलकोबीवाणी झालं होतं, मधून काळं, कडंनं ओलं. खोटं कशाला लिहू, मी बाहेर जाऊन ओकलो. परत आत आलो तर म्हणते, "मेंढीच्या जखमेतल्या अळ्या काढताना नाय ओकलात."

"मेंढी माझी बायको नव्हती."

पुढं रोज मीच करायचो. पहिल्यांदा माझा हात जड पडायचा, ती दात आवळायची आणि शिव्या द्यायची. मग हात बसला. ती झोपल्या झोपल्या मला सांगायची, "अंगठा वापरू नका, बोटाच्या पेरानं करा." दुसऱ्याच्या अंगाला हात कसा लावायचा ते त्या वयात मी तिच्याकडून शिकलो, आणि ते तिच्याच अंगावर शिकलो.

वास हळूहळू हटला. सून एक दिवस चहा घेऊन गोठ्यात आली आणि तिथंच बसून तिनं आपला कप संपवला. ही तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. नाकपुडी हलते का, ओठ दुमडतो का. सुनेनं शेवटचा घोट घेतला आणि म्हणली, "आत्याबाई, चला आता घरात. शेळ्यांना झोपू द्या."

घरात नाही, आम्ही तिची बाज दारात टाकली, रस्त्याकडं तोंड करून. मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. बाई दिसली की हाक. "ए, इकडं ये. व्हय, तूच. पदर बाजूला कर." बाया लाजायच्या, मी उठून गोठ्यात जायचो. चांगल्या हातानं ती चाचपायची आणि मग सगळ्यांना एकच सांगायची, "मी तुला खोटं सांगितलं होतं. न दुखणारी गाठ वाईट. दवाखान्यात जा." एकीनं विचारलं, "आत्या, पयले म्हणला भिऊ नको, आता म्हणता जा. खरं कुठलं?" हिनं आपला पदर बाजूला केला आणि तिला दाखवलं. ती बाई दुसऱ्या दिवशीच दवाखान्यात गेली. आणखी एकदोघी गेल्या. एकीची नुसती दुधाची गाठ निघाली, ती पेढे घेऊन आली. हिनं पेढा खाल्ला नाही, पण हातात धरून बसली.

पाटलाची सून तेवढी राहिली. ती दौलताबादला माहेरी गेली होती, बापाच्या दुखण्याला. मी म्हणलं, पाटलाकडून फोन लावू. म्हणली, "तिला फोन नाय, तिकडं माहेरचा बाप्या उचलणार. हिकडं सासरा शेजारी बसून ऐकणार. असं बोलणं बाप्याच्या कानातनं गेलं की वाटंत मरतं. ती येऊ द्या." आणि रोज विचारायची, "आली का पाटलाची सून?"

नाही आली. हिची हाडं दुखायला लागली, मग श्वास अपुरा पडायला लागला. गोळ्यांनी दुखणं सहन होण्याजोगं ठेवलं, त्याबद्दल त्या सिस्टरीचे उपकार. आम्ही बाज आत घेतली. कुशीवर वळवायचो, पाठीला तेल लावायचो, ओल्या फडक्यानं ओठ भिजवायचो. घशात घरघर लागली तवा सून रडायला लागली. मी मान कडंला वळवून दिली, सिस्टरीनं सांगितल्यासारखी. त्या दिवशी जखम बांधून झाली तवा ती डोळे न उघडता म्हणली, "हात धुवा." मी धुवायला गेलो. परत आलो तवा गेली होती.

पाव्हणे जमले. आंघोळ घालायला बायका पुढं होईनात. पदर नाकाला. वास नव्हता तरी पदर नाकाला. मी म्हणलं, "लागत नाय हा आजार. मी रोज हात लावतोय." तरी कोणी हललं नाही. मग सुनेनं पदर खोचला, मी पाणी ओतलं, आणि आम्ही दोघांनी आंघोळ घातली. सुनेबरोबर सासऱ्यानं हे करू नये असं कोणीतरी म्हणलं. मी म्हणणाऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दिवस मावळायच्या आत माती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात चूल नव्हती. सुतकाच्या घरी भाकरी बाहेरून येते. मी दारात बसलो होतो आणि पाटलाची सून बंद डबा घेऊन आली. रात्रीच माहेरून आली होती. डबा लांबूनच जोत्यावर ठेवला.

"मामा, आत्याला काय झालं होतं? लोक काय काय म्हणत्यात."

"कॅन्सर. छातीचा." हे शब्द मी परक्या सुनेसमोर कधी काढले नव्हते. "गाठ होती. दुखत नव्हती, गरम नव्हती."

"दुखत नव्हती?"

"नाय. तुलाबी तिनं भिऊ नको म्हणलं होतं. ते खोटं होतं. ती तुझीच वाट बघत होती, ते सांगायला."

तिचा चेहरा उतरला. मग घाईघाईनं म्हणली, "माझी काय वाढली नाय मामा. जरा कातडी ओढल्यावाणी झालीय, तेवढंच. पेरणी झाली की बघू." आणि वळून चालायला लागली. चालली कसली, पळालीच.

मी उठलो. टोपी घातली. मुलगा म्हणला, "दादा, सुतकात कुठं निघाला?" मी थांबलो नाही. बांध ओलांडून पाटलाच्या घरी गेलो आणि त्यांच्या ओट्यावर, उंबऱ्याला लागून बसलो. कालच बायकोला माती दिलेला माणूस.

पाटलीणबाई आतून ओरडली, "अरे देवा, विटाळ! आत देव मांडलेत माझे!"

पाटील दात घासता घासता बाहेर आला. "तात्या, हे काय? तुमच्यावर काय आलं ते आम्हाला कळतं, पण सुतकात असं कोणाच्या दारात बसतात का?"

"नाय बसत. म्हणूनच बसलोय."

"काय पायजे तुम्हाला?"

"सुनेला दवाखान्यात न्या. तिच्या छातीत गाठ हाय. आज न्या. नेली की उठतो. नाय नेली तर तुम्ही पूजा करा, जेवा, झोपा, मी इथंच हाय."

पाटील लालबुंद झाला. सुनेचा नवरा आतून आला. दाराआड सून उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. नवऱ्यानं तिला काहीतरी हळू विचारलं. तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मग त्यानं खुंटीवरची जीपची किल्ली काढली.

सून माझ्याकडं न बघता मागं बसली. जीप जालना रोडला लागली आणि शहराकडं वळली. ती वळेपर्यंत मी बघत होतो.

मग उठलो. पाटलीणबाई ओटा धुवायला बादली आणि खराटा घेऊन आली होती, मी लांब होण्याची वाट बघत होती. मी बादली तिच्या हातातून घेतली, बसलो होतो ती जागा धुतली, आणि घरी आलो.